आधी बोर्ड बघू

'आठ जीबीची रॅम टाकून द्या' हे वाक्य ऐकत माझी बरीच वर्षं गेली. पूर्वी लोक '१२८ टाका' म्हणायचे, मग '५१२ टाका', मग 'एक जीबी होईल ना?' आता कॉलेजची मुलं १६ च्या खाली बोलत नाहीत. आकडा वाढत गेला, वाक्य तेच राहिलं. माझं उत्तरही तेच आहे : 'आधी बोर्ड बघू.'

हे उत्तर गिऱ्हाइकाला आवडत नाही. त्याला वाटतं, याच्याकडे माल नसणार म्हणून वेळ काढतोय, नाहीतर बोर्डही बदलायला लावणार. पेपरात, मोबाईलवर, मेव्हण्याकडून त्याने आकडा ऐकलेला असतो आणि तो आकडा म्हणजेच वस्तू अशी त्याची समजूत असते. पण रॅम एकटी विकत घ्यायची वस्तूच नव्हे. तिला बोर्ड लागतो, बोर्डाला प्रोसेसर, आणि या सगळ्यांवर विंडोज बसलेली. मेमरीशी बोलणारा कंट्रोलर जुन्या इंटेल मशिनमध्ये बोर्डावरच्या चिपसेटमध्ये असायचा, पुढे तो प्रोसेसरच्या पोटात गेला. यातल्या एकाने जरी मान हलवली, तरी आठ जीबीची नवी कोरी पट्टी टेबलावर पडून राहते.

माझं दुकान चिपळुणात. एमएस-सीआयटी २००१ साली सुरू झाली, त्यानंतर दोन-तीन वर्षांत आमच्याकडेही घरोघर असेंबल्ड मशिन आली आणि तिथून माझा धंदा लागला. पार्ट मुंबईचे, बहुतेक लॅमिंग्टन रोडचे. मुंबईतल्या मेकॅनिकचं एक बरं असतं. पट्टी चालली नाही तर जिना उतरायचा, समोरच्या गाळ्यातून दुसरी आणायची, तीही नाही चालली तर तिसरी. बोर्ड वाचण्याची त्याला फारशी गरजच पडत नाही. आमच्याकडे चुकीची पट्टी आली की ती पार्सलने परत जायची, बदली यायला आठवडा, त्यात घाटात दरड कोसळली की आणखी थांबा. तोवर गिऱ्हाईक रोज फोन करणार. त्यामुळे पैसे पाठवण्याआधी बोर्डावरचं बारीक छापील नाव बॅटरीच्या उजेडात वाचायची सवय इथल्या अंतरानेच लावली.

सुरुवात खाचेपासून होते. डीडीआरच्या पहिल्या पिढीच्या पट्टीला १८४ पिना होत्या. डीडीआर-२ ला २४०, डीडीआर-३ लाही २४०. डीडीआर-४ ला २८८ आणि डीडीआर-५ लाही २८८. म्हणजे पिना मोजून भागत नाही. लांबी सारखी, रंग सारखा, फरक काय तो मधल्या खाचेच्या जागेचा. ती जागा मुद्दाम सरकवलेली असते, कारण प्रत्येक पिढीचा वीजपुरवठा वेगळा : डीडीआर-२ चालते १.८ व्होल्टवर, डीडीआर-३ दीड व्होल्टवर, डीडीआर-४ १.२ वर, डीडीआर-५ १.१ वर. पुढची पिढी मागच्या स्लॉटमध्ये बसूच नये, यासाठी ती खाच.

तरी बसवणारे बसवतात. खेडकडचा एक तरुण बोर्ड घेऊन आला होता. 'दादा, मशिन अचानक बंद पडलं,' एवढंच म्हणाला. स्लॉटच्या मधोमध प्लॅस्टिकचा एक बारीक अडसर असतो, पट्टीची खाच त्याच्यावर बसते. इथे तो अडसर मुळापासून तुटलेला. आतल्या पिना एका बाजूला वाकलेल्या, पाच-सहा काळ्या पडलेल्या, आणि नाक जवळ नेलं की जळक्या बेकेलाइटसारखा वास. डीडीआर-२ च्या स्लॉटात डीडीआर-३ ची पट्टी अंगठ्याने दाबून कोंबली होती. जोर लावूनसुद्धा बसली नाही म्हणून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकली, हे त्याने चहा पिताना सांगितलं. रॅम बसवताना दोन्ही बाजूंच्या क्लिपा आपोआप 'टक्' करून मिटल्या पाहिजेत. अंगठ्याच्या साध्या दाबाने मिटत नसतील तर थांबायचं आणि पट्टी काढून बघायची. यापलीकडे त्या कामात काही कसब नाही.

खाच जुळली म्हणजे सगळं जुळलं असं मात्र नाही. खरी गंमत तिथून पुढे.

आमच्या ओळखीचे एक डीटीपीवाले आहेत. लग्नपत्रिका, पतसंस्थेचे अहवाल, गणपतीच्या आधी आरत्यांची पुस्तकं आणि मंडळांचे फ्लेक्स. त्यांचं मशिन इंटेलच्या जी-४१ चिपसेटचं, डीडीआर-३ चे दोन स्लॉट, दोन्हीत एकेक जीबी. कोरलड्रॉमध्ये दहा बाय वीसचा फ्लेक्स उघडला की माऊसचा बाण गोल फिरत राहायचा आणि मंडळाची चार पोरं मागे उभी राहून मोबाईल बघत बसायची. बोर्डाच्या पुस्तिकेत 'कमाल ८ जीबी' असं स्वच्छ छापलेलं. त्यांनी ऑनलाइन चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या मागवल्या. पॅकबंद, बिलासकट, खाच बरोबर, पिढी बरोबर. लावल्या, बटण दाबलं, पंखा फिरला आणि पडदा काळाच. मला फोन : 'अहो, दोन्हीच्या दोन्ही रॅम डेड आल्यात.'

त्या पट्ट्या मी दुकानातल्या एच-६१ च्या बोर्डावर लावल्या. दोन्ही पहिल्या फटक्यात चालल्या. पट्ट्यांत काही खोट नव्हतीच. मग त्यांना समोर बसवून पट्टीवरचे काळे चौकोन मोजायला लावले. एका बाजूला आठ, दुसरी बाजू कोरी. चार जीबीच्या पट्टीत एकूण ३२ गिगाबिट साठवायचे असतात. आठ चिपांत ते मावायचे तर प्रत्येक चिप चार गिगाबिटची हवी. जी-४१ जन्मला तेव्हा एवढ्या दाट चिपा बाजारात नव्हत्या. त्याला फार तर दोन गिगाबिटची चिप ओळखता येते. म्हणजे त्याला चार जीबीची पट्टी चालते, पण सोळा चिपांची, दोन्ही बाजूंना आठ-आठ. पुस्तिकेतला 'कमाल ८ जीबी' खोटा नव्हता, अपुरा होता. आणि नवी पट्टी जितकी नवी, तितक्या तिच्या चिपा कमी आणि दाट. जुन्या बोर्डाला नवा माल का चालत नाही, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

डीटीपीवाले हुशार माणूस. 'आता सोळा मोजूनच मागवतो,' म्हणाले आणि फोटो बघून त्याहून स्वस्त अशा दोन पट्ट्या मागवल्या. आल्या तेव्हा सोळाच्या सोळा चिपा होत्या. लावल्या. पुन्हा पडदा काळा. विक्रीच्या पानावर अगदी खाली, बारीक अक्षरांत 'फक्त एएमडी बोर्डासाठी' असं लिहिलेलं होतं.

ही दुसरी भानगड जरा सावकाश समजून घ्यावी लागते. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामधला डेटाचा रस्ता ६४ बिटांचा असतो. प्रत्येक चिप एका वेळी आठ बिट देत असेल तर आठ चिपांची एक फळी पुरी होते, तिला रँक म्हणतात. अशा पट्टीवर सोळा चिपा असल्या तर दोन रँक झाल्या. पण चिप एका वेळी चारच बिट देणारी असेल तर सोळा चिपा मिळून एकच रँक होते. मोजणी तीच, मांडणी वेगळी. ही चार-चार बिटांची मांडणी इंटेलच्या घरगुती बोर्डांना कळत नाही, एएमडीच्या त्या काळातल्या बोर्डांना चालते. पट्टीच्या लेबलवर '२आर×८' असं काहीसं छापलेलं असतं. त्यात आरच्या आधीचा आकडा रँकचा आणि फुलीनंतरचा आकडा एका चिपच्या बिटांचा. आमच्या डीटीपीवाल्यांना हवी होती २आर×८. शेवटी लॅमिंग्टन रोडवरच्या एका जुन्या ओळखीच्या व्यापाऱ्याला लेबल वाचून दाखवायला लावलं, फोटो मागवला, आणि वापरलेल्या मशिनमधून काढलेल्या दोन पट्ट्या आल्या. त्या लावल्यावर आठ जीबी पूर्ण दिसले. त्या वर्षीचे फ्लेक्स वेळेत गेले. मधल्या काळात आलेल्या चार पट्ट्यांपैकी दोन परत गेल्या. एएमडीवाल्या दोन विक्रेत्याने घेतल्या नाहीत, आणि त्याचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं, कारण अट छापलेली होती.

लेबल वाचायला शिकणं हे या धंद्यातलं मोठं काम आहे, आणि ते घरच्या माणसालाही जमण्यासारखं आहे. 'पीसी३-१२८००यू' असं लिहिलेलं असलं तर ३ म्हणजे डीडीआर-३. १२८०० म्हणजे सेकंदाला तितके मेगाबाइट. त्याला आठने भागलं की १६००, आपण ज्याला '१६०० ची रॅम' म्हणतो ती. शेवटचा यू म्हणजे घरगुती डेस्कटॉपची साधी पट्टी, एस म्हणजे लॅपटॉपची आखूड पट्टी. तिथे आर दिसला तर हात आखडता घ्यावा. ती सर्व्हरची.

सर्व्हरच्या रॅमवरून दर वर्षी एक तरी मुलगा माझ्याकडे येतोच. मोठ्या कंपन्यांची सर्व्हर मशिन निवृत्त झाली की त्यांतल्या १६-१६ जीबीच्या पट्ट्या बाजारात फार स्वस्तात येतात. किंमत बघून मुलाचे डोळे चमकतात. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ मध्ये सर्व्हरच्या पट्टीची खाच डेस्कटॉपसारखीच असते, म्हणून ती बसतेही छान. क्लिपा टक् करून मिटतात, पंखा फिरतो, डिस्प्ले येत नाही. डीडीआर-५ मध्ये ही खाच वेगळी केली, तेवढा मनस्ताप वाचला.

लॅपटॉपच्या पट्टीत आणखी एक अक्षर बघायचं. 'पीसी३' आणि 'पीसी३एल' यांतला एल म्हणजे १.३५ व्होल्ट. काही छोट्या सेलेरॉन लॅपटॉपांना तेवढंच चालतं, दीड व्होल्टची पट्टी त्यांत घातली की ते चालूच होत नाहीत. उलट एलवाली पट्टी सहसा दीड व्होल्टच्या जुन्या मशिनमध्येही चालते. म्हणून लॅपटॉपसाठी डीडीआर-३ ठेवायची तर एलच ठेवतो, विषय संपला.

विंडोजचीही एक बाजू आहे, तिचा अनुभव करसल्लागारांच्या ऑफिसांत फार येतो. तिथे टॅली, जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि त्याचा कुठल्यातरी जमान्यातला ड्रायव्हर, म्हणून ३२ बिटची विंडोज-७ वर्षानुवर्षं तशीच चाललेली. एका ऑफिसात मी जाण्याआधी कुणीतरी आठ जीबी टाकून दिले होते. साहेब मला म्हणाले, 'बिल आठचं आहे, कॉम्प्युटरमध्ये सव्वातीनच दिसतायत. बाकीची कुठे गेली?' चोरी झाल्यासारखाच सूर. रॅम तिथेच होती. ३२ बिटच्या विंडोजला चार जीबीपलीकडचे पत्तेच मोजता येत नाहीत, आणि त्या चारातलेही काही पत्ते डिस्प्ले नि इतर कार्डांना द्यावे लागतात. ६४ बिटची विंडोज टाकायची तर तो प्रिंटर चालणार नव्हता. मार्च महिना होता. मी एक पट्टी काढून दुसऱ्या मशिनमध्ये घातली, साहेबांना म्हटलं, एप्रिलमध्ये प्रिंटर बदला, मग बोलू. एप्रिलमध्ये कुणी बोलत नाही हे मलाही माहीत होतं.

आता मिश्र लग्नांविषयी. 'जुनी एका कंपनीची आहे, नवी दुसऱ्या कंपनीची चालेल का?' हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारतात, आणि यावर बाजारात उगाच भीती पसरवलेली आहे. दोन्ही पट्ट्या नव्या विकायच्या असल्या की दुकानदार मान हलवतो. माझा अनुभव असा की पिढी, व्होल्ट आणि मांडणी जुळत असेल तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या बहुतेक वेळा सुखाने नांदतात. पट्टीवर एक बारीकशी आठ पायांची चिप असते, तिच्यात त्या पट्टीचा वेग आणि वेळा लिहिलेल्या असतात. मशिन चालू होताना बोर्ड ती वाचतो आणि सगळ्यांत हळू पट्टीच्या चालीने सगळ्यांना चालवतो. २६६६ च्या शेजारी ३२०० लावली तर दोघी २६६६ ने चालतील. नुकसान एवढंच.

कंपनीपेक्षा जोडीकडे लक्ष द्यावं. एकच आठ जीबीची पट्टी लावण्यापेक्षा चार-चारच्या दोन लावल्या तर बोर्ड दोन्हींकडून एकदम माल उचलतो. ज्या मशिनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, डिस्प्लेसुद्धा याच रॅमवर चालतो, तिथे हा फरक डोळ्यांना दिसतो. चार स्लॉटांच्या बोर्डावर कुठल्या दोन स्लॉटांत जोडी लावायची हे पुस्तिकेत दिलेलं असतं, बहुतेक वेळा प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा. शेजारी-शेजारी लावून 'फरकच पडला नाही' म्हणत आलेले लोक मी स्क्रूसुद्धा न काढता, कॅबिनेटच्या काचेतून बघून परत पाठवलेत.

मिश्र जोडी लावली की मी मेमटेस्ट-८६ पेन ड्राइव्हवरून रात्रभर लावून ठेवतो. एकही लाल ओळ आली तर ती जोडी गिऱ्हाइकाला देत नाही. पट्टी अर्धवट जुळते तेव्हा मशिन बंद पडत नाही, हाच त्रास असतो. चार दिवस नीट चालतं, पाचव्या दिवशी निळा पडदा येतो, आणि गिऱ्हाईक 'व्हायरस आलाय, फॉरमॅट मारा' म्हणत येतं. या तपासणीचे मी वेगळे पैसे घेत नाही, आणि इथल्या विजेच्या लहरीपणामुळे कधी कधी ती दोन रात्री करावी लागते, तेही धरत नाही.

कोकणात राहून पावसाळा टाळून रॅमवर बोलता येत नाही. जूनच्या अखेरीपासून माझ्याकडे 'रॅम गेली' म्हणून जी मशिन येतात, त्यांतल्या बऱ्याच मशिनची रॅम गेलेली नसते. दमट हवेने पट्टीच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर चढतो, स्लॉटात धूळ आणि ओल मिळून चिकटा होतो. मशिन लांब बीप देत ओरडत राहतं किंवा नुसतंच गप्प बसतं. पट्टी काढायची, शाळेच्या खोडरबराने दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसायच्या, रबराचे कण झटकायचे, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवायचा, स्लॉटात ब्लोअर मारायचा आणि परत लावायची. निम्म्या वेळा एवढ्याने डिस्प्ले येतो. अशा मशिनला नवी रॅम विकणारेही आहेत. काढ-घाल केल्याने मशिन चालू होतं, गिऱ्हाईक खूश, आणि जुनी चांगली पट्टी दुकानदाराच्या खणात. गिऱ्हाइकांना माझं सांगणं आहे, बदललेला पार्ट मागून घ्या. तो तुमचा आहे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्यानंतर कित्येक दिवस लोक मशिन घेऊन येत होते ती चिखलाने भरलेली. झाकण काढलं की आत तपकिरी साय. एसएमपीएस गेलेले, हार्ड डिस्क गेलेल्या, बोर्डांवर आठवड्याभरात हिरवा गंज. त्यातल्या त्यात वाचल्या त्या रॅमच्या पट्ट्या. पाणी शिरलं तेव्हा वीज बंद असली तर पट्टीला फारसं काही होत नाही. तिच्यात फिरणारं काही नाही, पाणी साठून राहील असं काही नाही. स्वच्छ पाण्याने धुतल्या, अल्कोहोलने पुसल्या, पंख्याखाली सुकवल्या, तपासल्या. डबाभर पट्ट्या चालू निघाल्या, बहुतेक डीडीआर-३. आणि त्या लावायला बोर्ड नव्हते. लोकांनी विम्याच्या, मदतीच्या किंवा उसन्या पैशांत जी नवी मशिन घेतली ती सगळी डीडीआर-४ ची. 'आमची रॅम वाचली ना, ती नव्यात टाका, तेवढेच पैसे वाचतील,' असं सांगणाऱ्या माणसाला खाच दाखवणं मला त्या दिवसांत फार जड गेलं. त्या डब्यातल्या पट्ट्या पुढे मी जुनी मशिन वापरणाऱ्यांना मालकांच्या परवानगीने देत राहिलो. काही आजही चालतात.

आणखी एक गोष्ट मला धंद्याने शिकवली, ती धंद्याच्या विरुद्ध जाणारी आहे. रॅम हवी म्हणून आलेल्या प्रत्येकाला रॅम हवी असतेच असं नाही. एक निवृत्त गुरुजी आले. 'कॉम्प्युटर चालू व्हायला पूजा आटोपते,' म्हणाले. त्यांना आठचे सोळा करायचे होते. टास्क मॅनेजर उघडून दाखवला. आठातली साडेतीन वापरात, उरलेली रिकामी, आणि हार्ड डिस्क मात्र शंभर टक्क्यांवर अडकलेली. त्यांना म्हटलं, गुरुजी, रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा तुमचा प्रशस्त आहे, फडताळातून डबे काढणारा हात हळू झालाय. एसएसडी टाकली, रॅमला हात लावला नाही. खर्च निम्म्याहून कमी झाला, आणि पूजेआधीच मशिन चालू होतं म्हणून आता तक्रार अशी की नातू सकाळपासून त्यावर बसतो.

नव्या मशिनमध्ये हे सगळं सोपं झालंय असं वाटेल, पण तसं नाही. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतल्या एकाच प्रोसेसरला डीडीआर-४ चाही बोर्ड मिळतो आणि डीडीआर-५ चाही. बोर्डाचं नाव जवळजवळ तेच, शेवटी एखाद्या 'डी४' चा फरक. नाव अर्धवट वाचून रॅम मागवली की संपलं. एएमडीच्या एएम-५ बोर्डांना फक्त डीडीआर-५ च चालते, तिथे निदान घोळ नाही. डीडीआर-५ ची आणखी एक खोड आहे. नवी पट्टी लावून पहिल्यांदा चालू केलं की बोर्ड तिची चाल जुळवत बसतो, तेव्हा पडदा मिनिट-दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ, काळाच राहतो. घाबरून लोक बटण दाबून बंद करतात, पुन्हा चालू करतात, बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू. एका मुलाने अशी संध्याकाळभर झटापट करून रात्री मला फोन केला. त्याला म्हटलं, चालू कर आणि जेवून ये. जेवून आला तेव्हा विंडोज आली होती.

बारीक लॅपटॉपांचं तर बोलायलाच नको. बऱ्याच मॉडेलांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. झाकण उघडून स्लॉट शोधणाऱ्याला स्लॉटच सापडत नाही. 'आता आठ घेतो, पुढे वाढवू' हा हिशेब तिथे चालत नाही. पुढे नाहीच. घेतानाच विचारायचं की स्लॉट आहे का, आणि किती रिकामे.

भावाचंही सांगतो, कारण हल्ली रोज त्यावरून वाद होतात. रॅमचा भाव आमच्या हातात कधीच नव्हता. जगातल्या रॅमच्या बहुतेक चिपा सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. सप्टेंबर २०१३ मध्ये चीनमधल्या वूशीच्या हायनिक्सच्या कारखान्यात आग लागली आणि इकडे चिपळुणात मला गिऱ्हाइकाला गेल्या आठवड्यातला भाव का नाही हे समजवावं लागलं. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांची मागणी इतकी वाढली की घरगुती पट्ट्यांचे भाव पुन्हा भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रूशल हा ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत जुळत नसलेली पट्टी घेणं पूर्वीपेक्षा महाग पडतं, आणि स्वस्त दिसणारी पट्टी जास्त संशयाने बघावी लागते.

डीडीआर-२ च्या मशिनमध्ये पैसे घालायला आता मी कुणाला सांगत नाही. ती पट्टी दुर्मीळ झाली आहे आणि जीबीमागे हिशेब केला तर परवडत नाही. डीडीआर-३ च्या मशिनला घरात असलेली किंवा ओळखीतून मिळणारी पट्टी जरूर लावा, नवी घेताना मात्र लक्षात ठेवा की विंडोज-१० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ती मशिन विंडोज-११ च्या नियमांत बसत नाहीत. रॅम वाढवून तो नियम बदलत नाही. लिनक्स वापरायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी, पण तशी तयारी असलेलं गिऱ्हाईक माझ्याकडे विचारायला येत नाही.

तेव्हा दुकानात येण्याआधी घरी एवढं करा. विंडोज-१० किंवा ११ असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. कोणत्या वेगाची रॅम आहे, किती स्लॉटांपैकी किती भरलेत, आणि नेहमीचं काम चालू असताना किती वापरली जाते, हे तिथेच दिसतं. त्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढा. मशिन बंद करून, वायर काढून झाकण उघडता येत असेल तर जुन्या पट्टीच्या लेबलचा एक फोटो आणि बोर्डावरच्या ठळक नावाचा एक फोटो, शेवटच्या अक्षरापर्यंत. लॅपटॉप असेल तर पाठीवरच्या मॉडेल नंबरचा. हे तीन फोटो घेऊन कुठल्याही दुकानात जा, माझ्याच असं नाही. आणि किती जीबी हवी ते तिथे गेल्यावर सगळ्यांत शेवटी सांगा.